कळस नसलेला घुमट

महिन्यापूर्वी एका सकाळी काकूंचा फोन आला. "सुटले गं," एवढंच म्हणाल्या... आणि मी गाडी बाजूला घेऊन रडले. खरं सांगते, त्या रडण्यात दुःखापेक्षा हायसं वाटणंच जास्त होतं. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातले वसंतकाका घरी, स्वतःच्या खाटेवर गेले. त्यांना तेच हवं होतं.

काका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी त्यांचंच, आणि दरवर्षी काहीतरी भलतंच. एका वर्षी या गृहस्थांनी रोमचं पँथिऑन केलं. पुठ्ठ्याचा भलाथोरला घुमट, आणि त्याच्या माथ्यावर चक्क भोक! काकूंना वाटलं, काम अर्धवट राहिलंय. देवाच्या डोक्यावर उघडं कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी वर पितळी कलश नारळासकट ठेवून दिला. आरती व्हायच्या आतच घुमट खाली बसला. आम्हाला वाटलं काका चिडतील, तर ते पोट धरून हसले. मग तो सावरता सावरता सांगत बसले... खऱ्या घुमटात लोखंडी सळी नावाला नाही. तळाशी काँक्रीट जाडजूड, वर जाताना पातळ, त्यातला दगडही हलका हलका होत जातो आणि अगदी माथ्यावर काहीच नाही. भोकाची कड बांगडीसारखी चहूबाजूंचा रेटा झेलते. पाऊस आत येतो, त्याला निघून जायला फरशीत वाटा आहेत. "वरचं ओझं कमी केलं, म्हणून तर इतकी शतकं टिकलाय," काका म्हणाले. तुमच्या रोमनांना कळसाचं वावडं, दुसरं काय, असं म्हणून काकू प्रसाद वाटायला गेल्या.

यंदा काकांचा कॅन्सर पसरला. डॉक्टरांनी आणखी एक केमो सुचवली. काकांना ती नको होती, काकू हटून बसल्या. मुलगी नेहा म्हणायची, "आई, इट्स हिज कॉल." काकू तिच्याशीही बोलेनाशा झाल्या. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर त्या स्वतःच डॉक्टरांना फोनवर सांगत होत्या, की आता काही नको, आम्ही यांना घरीच ठेवतो. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

"कलश उतरवला मी."

त्या दिवशी काका पिठलं-भात मागून जेवले.

परवा गणपती बसले. काकूंच्या घरी वर्षभर सण नाही, पण गॅरेजमधला घुमट त्यांनी नेहाला मंडळाच्या हॉलवर आणायला लावला. मंडळात नवीन आलेली एक मुलगी भोकावर ठेवायला फुलांची परडी घेऊन आली. काकूंनी तिचा हात धरला. वरच्या दिव्याचा गोल उजेड भोकातून थेट मूर्तीवर पडला होता.

"राहू दे गं उघडं," काकू म्हणाल्या. "त्यांनी ठेवलंय."