तिसरी खूण

साळवे सरांच्या टेबलावर तीन कंप्युटर होते, आणि त्यांतले दोन भंगारवाल्यानंही नाकारले असते. वाळूजच्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हे फेकून का देत नाही?" ते म्हणाले, "पोरी, तुझ्या मशीनला तुझी बोली कळती, त्यात कसलं कौतुक? परक्या मशीनला कळली तर खरं."

कंप्युटरला कामं लिहून द्यायची ती स्क्रिप्ट, आणि ती वाचून कामाला लावणारा तो शेल. मशीन बदलली की शेल बदलू शकतो. एकाला सहज कळलेलं वाक्य दुसऱ्याच्या डोक्यावरून जातं. म्हणून सरांचा दंडक होता: प्रत्येक स्क्रिप्ट तिन्ही मशीनवर चालवायची, आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तारीख टाकून तीन खुणा करायच्या. "खातरजमा केली का?" हे दिवसातून दहा वेळा. मी डबा उघडला तरी, "मीठ हाय का? खातरजमा केली का?"

तपासणीच्या नोंदींची रोज प्रत काढणारी स्क्रिप्ट मी लिहिली. दोन मशीनवर झकास चालली. तिसरी सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायची, आणि मला घरी करमाडला नेणारी कंपनीची बस सुटायला पाच मिनिटं होती. मी तिसरी खूण केली आणि पर्स उचलून पळाले. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय!

झालं ते असं. नवा सर्व्हर आला, त्याचा शेल तिसऱ्या मशीनसारखाच. 'नव्या नोंदी आहेत का' हे विचारताना मी दुहेरी चौकटी कंस टाकला होता. तो पहिल्या दोन मशीनना कळायचा, या शेलला कळेना. त्यानं 'नाहीत' असं धरलं आणि प्रत न काढता रोज पुढं गेला. मग एक दिवस सर्व्हरची डिस्क गेली. नोंदीही गेल्या, आणि प्रत तर नव्हतीच.

मोठे साहेब खोलीत येऊन ओरडले, "कोणाचं काम हे?"

सर उठले. "माझ्या खोलीतलं हाय, साहेब. चूक माझीच."

मी शेजारीच उभी होते, फरशीकडं बघत. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. आठवड्यात सरांना स्टोअरच्या खिडकीत हातमोजे वाटायला बसवलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. रोज त्या खिडकीवरून जाताना मी ठरवायचे, उद्या सांगते. दोन वर्षं माझा उद्या काही उजाडला नाही.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी धीर करून त्यांच्याकडं गेले. ते डब्याची पिशवी आवरत होते.

"सर, ती तिसरी खूण..."

"ठाव हाय गं. डिस्क गेली तवाच कॅलेंडरवरची तारीख बघितली. तू खूण केली त्या आठवड्यात त्या मशीनचा पॉवर सप्लाय जळला होता. दुरुस्तीला मी छावणीतल्या माझ्या घरीच नेला होता. मशीन सुरूच व्हत नव्हती, पोरी."

"मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"म्हणलं, तू सांगशील. लई दिवस वाट बघितली."

एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली, जय भीम केला आणि गेले.

ती तिसरी मशीन अजून माझ्या टेबलावर आहे. अजूनही सुरू व्हायला दहा मिनिटं घेते. मी बसून राहते, आणि बस निघून जाते.