डावी फेरी

सरोज बँकेतून रिटायर झालेली, जिभेने तिखट. अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी, वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटलेले. डोंबिवलीतल्या त्या इमारतीत दोघांचं कधी पटलंच नाही.

अर्धांगाचा सौम्य झटका आला आणि सरोजचा डावा पाय फरफटायला लागला. औषधं झाली, मालिश झालं. मग नौपाड्यात उत्तरा नावाची बाई बाग्वा शिकवते असं कळलं. ही चिनी युद्धकला, पण ठोसे-लाथा फार नंतर. आधी झाडाभोवती नुसतं गोल चालायचं. गुडघे किंचित वाकवून, पाऊल चिखलातून सरकवल्यासारखं जमिनीलगत न्यायचं आणि अंगातला ताण खाली सोडायचा. सरोजचे खांदे काही केल्या सुटेनात.

"तुम्ही इथे कुणाला तरी डोक्यावर घेऊन येता," उत्तरा म्हणाली. सरोजला माणूस बरोबर ठाऊक होता. "आणि डाव्या फेऱ्या दुप्पट घाला. अधू पाय आतल्या बाजूला हवा."

सोसायटीत तसं झाड एकच, औदुंबर. बाकी आवार गाड्यांनी भरलेलं. अण्णांची नवी गाडी तर मुलांच्या खेळायच्या जागेत. औदुंबराखाली दत्ताच्या पादुका. सरोज रोज सकाळी त्याच्याभोवती डाव्या फेऱ्या घालू लागली आणि पायही सुधारू लागला. बाई देवाला उलट्या प्रदक्षिणा घालते, अशी कुजबुज सुरू झाली. अण्णांच्या मुलीचं, क्षिप्राचं, ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा त्याचंही खापर सरोजवर फुटलं.

"सरोजताई, उजवीकडून चाला की. कोण नको म्हणतंय?"

"अण्णा, दुखणं डाव्या पायाचं आहे. आणि मी प्रदक्षिणा घालतच नाहीये."

"ते देवाला कसं कळणार?"

"देवाला कळतं. तुम्हाला कळत नाही."

आठवडाभरात झाडापासून भिंतीपर्यंत लोखंडी कठडा बसला. आता कुणालाच, कुठल्याच बाजूने फेरी घालता येईना. देवाच्या प्रदक्षिणाही बंद पडल्या, पण अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. सरोजची जिरली, एवढं त्यांना पुरलं.

सरोजने घरात चालून पाहिलं. चार पावलांत सोफा आडवा यायचा. थोड्याच दिवसांत चप्पल पुन्हा फरशीला घासू लागली. तो आवाज ऐकून ती एका दुपारी रडली, आणि रडून झाल्यावर जास्तच संतापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली उतरली. अण्णांच्या गाडीला दसऱ्याच्या झेंडूचा वाळका हार अजून लटकत होता. तिने डावा पाय आत घेतला आणि गाडीभोवती चालू लागली. उलटी.

अण्णा गॅलरीत आले. "अहो, काय चाललंय? पूजा केलेली गाडी आहे ती."

सरोज थांबली नाही. क्षिप्राचं मोडलेलं लग्न अण्णांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. ते किल्ली घेऊन बनियनवरच खाली धावले आणि गाडी फाटकाबाहेर नेऊन लावली. परत येऊन पाहतात तर मोकळ्या जागेत, मधल्या तेलाच्या डागाभोवती, सरोज संथ चालत होती. खांदे सैल होते.

"अण्णा," ती न वळता म्हणाली, "उद्यापासून सहाच्या आत काढत जा."