वरणात कुटलेली गोळी

"मॅडम, आई नुसत्या पाण्यावर आहे. काहीच खाऊन नाही राहिली." फोनवर प्रवीण रडकुंडीला आला होता. "जेवणात जहर टाकता म्हणते."

प्रवीण हिंगण्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. घर कुहीजवळच्या खेड्यात, घरात तो आणि आई, कमलाबाई. धानाच्या रोवणीत सगळ्या बायांच्या पुढे असणारी ही बाई एकाएकी झोपेनाशी झाली. शेजारी आपल्याला मारणार म्हणू लागली. याला आम्ही डिल्यूजन म्हणतो, म्हणजे मनात घट्ट बसलेला खोटा संशय. तो समजावून जात नाही, औषध लागतं. शहरात सदर भागातल्या आमच्या क्लिनिकमधून गोळ्या सुरू होत्या. मी तिथली सोशल वर्कर. घरच्यांना सांभाळणं माझ्याकडे.

पण संशय होता शेजाऱ्यांवर. तो घरच्या ताटात कसा आला?

"प्रवीण, खरं सांग. गोळी कशी देतोस?"

"कुटून वरणात. हातात दिली तं फेकून देते. काल तिनं वाटीच्या बुडाशी पांढरं पाह्यलं."

कपाळावर हात मारला मी. माया एवढी, आणि अक्कल ही अशी.

डॉक्टर म्हणाले, "आज जेवल्या नाहीत तर ॲडमिट करावं लागेल. तुम्ही जाऊन या."

कमलाबाई ओसरीत बसल्या होत्या. ओठ सुकलेले. प्रवीणला मीच पुढे बसवलं.

"आई, वरणात मीच टाकलं होतं. जहर नोहे, डॉक्टरची दवाई होती."

"म्हणजे मी खोटं नव्हती बोलत."

"नाही."

"मंग मले विचारलं काहून नाही गा?"

त्या रडल्या, तोही रडला. माझेही डोळे भरले, लपवायचं कशाला. मग त्यांनी स्वतः चुलीवर भात मांडला आणि दोघं जेवले.

गोळी मात्र लगेच नाही. प्रवीण रोज पाकीट त्यांच्या हातात द्यायचा आणि गप्प बसून राहायचा. एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच गोळी काढून गिळली.

आता नवीन पेशंटच्या घरच्यांना मी आधी हेच बजावते. मनानं काही लपवून देऊ नका, अडलं तर आम्हाला फोन करा.

परवा कमलाबाई फॉलोअपला आल्या. डबा उघडून पाटवडी पुढे केली. मी फाइल चाळत होते, लगेच हात घातला नाही.

"खा नं मॅडम," त्या म्हणाल्या. "काही नाही टाकलं त्याच्यात."

प्रवीण खाली बघून हसत होता.