सोमाची पाठ

सुंदराबाई रडली नाही, याचा वस्तीला फार राग होता. तिचा नवरा सोमा रस्त्याच्या कामावर होता. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात आंबेनळी घाटात तो दरडीखाली सापडला. बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर झाडू मारायला हजर. काळीज आहे की दगड, म्हणाले लोक. लोकांचं काय जातंय बोलायला! रडू यायला आत काहीतरी जागं असावं लागतं. तिच्या आत सगळं बधिर पडलं होतं.

वर्षाचं पुण्यानुमोदन जवळ आलं, तेव्हा बौद्धाचार्य काशीराम गुरुजींनी विचारलं, "सोमाचा फोटो आहे ना? फुलं वाहायला लागेल."

फोटो कुठला असणार? सोमानं उभ्या जन्मात काढला नव्हता. म्हातारी सासू बयाबाई कपाळाला हात लावून बसली. "माज्या लेकाला फुलं कशावर वाहायची गो?" तिनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

सुंदराबाईनं मग कचऱ्याला हात घातला. स्टँडवर फेकलेल्या तिकिटांना काय तोटा! गुलाबी, हिरवी, पिवळी. झाडता झाडता ती निवडून पदराला बांधी. विडीबंडलांचे कागद अंगाच्या रंगासाठी, कंट्रोलरनं टाकलेला झिजका कार्बन पेपर केसांसाठी. घरी पुठ्ठ्यावर पिठाची खळ लावून ती एकेक तुकडा चिकटवत बसे. मन कशातच नव्हतं, बोटं तेवढी चालत होती.

चेहऱ्यापाशी घोडं अडलं. तीनदा लावला, तीनदा खरवडला. मग तिच्या ध्यानात आलं, अठरा वर्षांच्या संसारात आपण नवऱ्याकडे मान वर करून नीट पाहिलंच नाही. घरात वडीलधारी माणसं, सुनेची नजर खाली. बाजाराला निघालं तरी तो पुढं, ही चार पावलं मागं. तिला पाठ तेवढी ठाऊक होती. हे कळल्यावर तरी रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिनं पाठ लावायला घेतली.

पुण्यानुमोदनाला पुठ्ठा समोर मांडला. खांद्यावर टिकाव टाकून चढ चढत निघालेला एक माणूस, पाठमोरा. गुरुजी गोंधळले. "अहो बाई, तोंड कुठंय याचं? पाठीला फुलं कशी वाहायची?" मागं कोणीतरी फिसकन हसलंही.

बयाबाई सरकत पुढं आली. चित्रातल्या उजव्या, जरा उतरत्या खांद्यावरून तिनं बोट फिरवलं.

"ह्योच. माजा सोमाच हाय ह्यो."

आणि पुठ्ठ्यापुढं वाकून तिनं हंबरडा फोडला. "सोमा, एकदा मागं वळ रे! आयेला तोंड दाव!"

सुंदराबाईनं तिला दोन्ही हातांनी धरून बसवलं.

"नाय वळायचा, आये," ती म्हणाली. "मी वरीसभर हाका मारत्ये."