मुलींच्या जर्सीवरचं नाव

आमच्या कबड्डी मंडळाचा मी आठ वर्षं सचिव होतो. त्या दिवसांबद्दल आता कुणी कौतुकानं विचारलं की मी विषय बदलतो. थकल्यासारखं होतं.

मंडळ चालायचं वर्गणीवर आणि माइकवर. सामना रंगला की एखादा दुकानदार चिठ्ठी पाठवायचा आणि मी पुकारायचो, ‘पुढच्या चढाईला शेठकडून एकावन्न रुपये!’ मुलींच्या सामन्याला गर्दी जास्त, बक्षिसंही जास्त. पण ते पैसे जायचे पुरुषांच्या दौऱ्यांवर. मुलींवर केलेला खर्च परत येत नाही, असं आम्ही बैठकीत सरळ म्हणायचो. मीही म्हणायचो.

मग टपऱ्याटपऱ्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या, त्या वर्षांत एका गुटखा कंपनीचा बीडचा वितरक मंडळाला पैसे द्यायला तयार झाला. अट एकच. गुटख्याचं नाव मुलींच्या जर्सीवर, छातीवर, मोठ्या अक्षरांत.

‘पोरांचे फोटो पेपरात कोण बघतंय, सर?’ तो हसत म्हणाला.

निम्मे पैसे आगाऊ, निम्मे फोटो निघाल्यावर. मुलींना न विचारता मी हो म्हणालो.

जिल्ह्याची निवड चाचणी बीडलाच होती. चढाईत आमची सर्वांत चांगली मुलगी शिरूर कासारची, बारावीतली. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. राज्य स्पर्धा खेळली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येईल, हे मीच तिच्या वडिलांना सांगितलं होतं. म्हणून तर ते स्वतः तिला घेऊन आले होते. त्यांनी जर्सी हातात घेऊन एकेक अक्षर लावत नाव वाचलं.

‘सर, हे कावून लिवलं? उद्या सारं गाव पोरीला ह्याच नावानं हाका मारंल.’

‘अहो, नुसती जाहिरात आहे.’

‘मंग तुमच्या शर्टावर लावा की.’

बाकीच्या मुली फिसकन हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, ‘सर, मी उलटी घालून खेळते. नंबर खडूनं काढते पाठीवर.’

वितरक फोटोग्राफरला घेऊन शेजारीच उभा होता. गेल्या वर्षीच्या कोऱ्या जर्सी सरावासाठी आणल्या होत्या, पोतं माझ्या पायाशी होतं.

‘नियम आहे बाळ, सगळ्यांची जर्सी सारखी लागते,’ मी म्हणालो.

नियम खराच होता. सगळ्याच मुलींना जुन्या जर्सी दिल्या असत्या तरी तो पाळला गेला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

वडिलांनी जर्सीची घडी करून ती पोत्यावर ठेवली. मग ‘चल बाई’ म्हणाले आणि दोघं एसटी स्टँडकडे चालू लागली. तिच्या जागी राखीव मुलगी खेळली. फोटो निघाला. न खेळलेल्या मुलीची निवड होणं शक्यच नव्हतं.

राहिलेले पैसे मिळाले आणि पुरुषांचा संघ जीप करून सोलापूरकडच्या स्पर्धेला निघाला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर माझं ताट तसंच राहिलं.

‘का बे, सर जेवंना कावून?’

‘शेठनं पुडी चारली असंल, भूक मेली!’

जीप हलेपर्यंत पोरं हसत होती. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो.

दिवाळीनंतर ती मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्याचं कळलं. माफी मागायला शिरूरला जावं असं कैक वेळा मनात आलं. तिथं जाऊन काय सांगायचं ते ठरेना, म्हणून गेलो नाही. पुढच्या वर्षी वितरकानं त्याच अटीवर पुन्हा पैसे देऊ केले. मी घेतले.