चिखलातली बोटं
अठरा मे. शिलाई मशीनला तेल देताना वास आला आणि भंडाऱ्याचा टायपिंग क्लास आठवला. तेव्हा मी टायपिंगच्या परीक्षेत एकदा नापास झाले होते. परीक्षेला पुन्हा बसले नाही, तर घरचे लग्न लावून देणार होते. तरी सरांना म्हणाले, "मले नाही जमत जी. अक्षरं पाहिल्याशिवाय बोटच चालत नाही." मी धानशेतीवाल्यांची मुलगी, हे सरांना ठाऊक होतं. "पोरी, रोवणीत चिखलातली बोटं दिसतात काय?" "नाही जी." "तरी रोप सरळ लागते ना? मग इथं कायले पाहून राहिली?" त्यांनी माझ्या हातांवर टॉवेल टाकला. घामानं बोटं निसटत होती, पण पानभर मजकुरात तीनच चुका निघाल्या. पुढे कचेरीत नोकरी लागली ती त्या शिकवणीमुळे. त्या तीन चुकांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी एवढंच केलं, पहिल्या एसटीनं जाऊन परीक्षेचा फॉर्म भरला.