हिवतापवाल्या रूपरावची खिंड

रूपरावचं तोंड जन्मापासून कडू नव्हतं, ते नोकरीनं कडू केलं. एकाहत्तर साली तो कारंजा घाडग्याला हिवताप खात्यात लागला, तेव्हा डोंगरातल्या गावांत त्याच्या पांढऱ्या गोळ्या कोणी घेत नव्हतं. "आधी तू खाऊन दाखव," म्हणायचे. मग हा गावोगाव गोळीचा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि पाणी न पिता उभा राहायचा. चारसहा महिन्यांत लोकांचा विश्वास बसला, पण रूपरावचा चेहरा जो आक्रसला तो पुन्हा सुटला नाही. पुढं लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारासुद्धा घाबरून विचारायचा, "काऊन भाऊ, तेल खवट लागते काय?"

आणि लागायचंच. रूपरावला सगळ्याची शिसारी होती. हायवेवरच्या धाब्यांची तर इतकी की तिथून जाताना तो श्वास धरायचा. कालच्या वरणावर आजची फोडणी, चहावर बोटभर साय, सायीवर माशी, आणि त्या माशीला फुंकर मारून तोच चहा पुढं करणारा धाबेवाला. ट्रकवाल्यांची शिसारी वेगळी. लेकाचे मागून येऊन कानाजवळ पों-पपों-पीं करत आणि सायकल खड्ड्यात गेली की खिडकीतून मान काढून हसत. लोकांच्या बोटांची शिसारी तर कामातच होती. ज्याला ताप आला असेल त्याचं बोट धरायचं, सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. कोणाच्या बोटाला शेण, कोणाच्या बोटाला तंबाखू, आणि एकानं तर नाकातून काढलेलं बोट तसंच पुढं केलं होतं. रूपरावनं पुसलं, टोचलं, थेंब घेतला आणि पुढचे दोन दिवस जेवला नाही.

नाक मुरडायचा नाही तो फक्त एका रस्त्याला. कारंज्याहून हायवेनं दोन मैल गेलं की डावीकडं एक पांदण फुटते. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यातल्या उजव्या चाकोरीत सायकल बरोबर बसायची. पुढं सागाचं जंगल, मग चढ. तिथं उतरून सायकल ढकलायची. चढ संपला की दोन टेकड्यांच्या मधे अरुंद खिंड, आणि पलीकडं तीन मैलांचा उतार, जिथं पायडल मारावं लागत नाही. चाकाची टिकटिक आणि मडगार्डाची खुळखुळ सोडली तर आवाज नाही. खाली सालईपाणी, मग टेंभरी, मग मोहदरा. तीन गावं करून माणूस दुपारी तीनला घरी. हा रस्ता चांगला आहे असं रूपराव कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, "मुकाट जाता येते." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

दर दुसऱ्या बुधवारी तो या खिंडीतून जायचा. घरोघर विचारायचा, "कोणाले ताप हाय का?" आणि निघताना दाराआडच्या भिंतीवर गेरूच्या कांडीनं त्या दिवसाची तारीख आणि खाली बारकासा 'रू' काढायचा. खात्याचा नियमच होता तो. माणूस येऊन गेला याची साक्ष भिंतीनं द्यायची.

एकोणऐंशीच्या सप्टेंबरात त्याच्यावर नवे साहेब आले, बंडोपंत. राहायला बोरगाव मेघेला. खिशात दोन पेनं, रुमालाला अत्तर, प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'त्याचं असं आहे' आणि शेवटी 'कळलं?'

"त्याचं असं आहे रूपराव," साहेब भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून म्हणाले, "ही तीन गावं हायवेनं फिरून करायची तर पन्नास किलोमीटर होतात. सायकलवर. आणि डायरीत तुम्ही तीन वाजता घरी. कळलं?"

"खिंडीतून जातो साहेब."

"नकाशात खिंड नाही."

"नकाशा काढणारा हायवेनंच गेला असंल."

साहेबांनी पट्टी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही धाब्यावर चहा पीत बसता आणि डायरी भरता. काचपट्ट्यांचं काय, बाजारात बसून चार बोटं टोचली की झाल्या. पुढच्या बुधवारी मी तुमच्याबरोबर येतो. भिंतीवरच्या तारखा डायरीशी ताडून बघतो. जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तर बनावट फेऱ्यांचा अहवाल जाईल आणि तुम्ही घरी बसाल. कायमचे. कळलं?"

नोकरी जाईल हे रूपरावला कळलं. पण घरी जाताना तो तीनदा चूळ भरायला थांबला तो वेगळ्याच गोष्टीनं. आपण धाब्यावर चहा पितो, असं माणूस म्हणाला. त्या सायीचा.

शुक्रवारच्या बाजारात त्याला मोहदऱ्याचे पाटील महादेवराव भेटले. रूपरावला वाटलं, साहेबाच्या नाकाला दारापुढची डबकी नकोत. तो सहज बोलून गेला, "बुधवारी साहेब येऊन राह्यले. गाव जरा साफ ठेवजा. बाकीच्या दोन गावांतबी सांगून देजा."

"साहेब?" महादेवरावांनी टोपी नीट केली. "तू फिकर नको करू. असं चकाचक करतो की डोळे दिपले पाह्यजेत."

रूपरावनं तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, चकाचक म्हणजे काय. नाही विचारलं.

बुधवारी बंडोपंत ऑफिसच्या सायकलवर बसून निघाले. पांदणीपर्यंत त्यांनी आपल्या जुन्या बदलीची हकिकत सांगितली, जंगलापर्यंत सासऱ्यांच्या मूळव्याधीची, तीही तपशिलात. चढावर सायकल ढकलताना हफ्-हुफ्, हफ्-हुफ् चालू होतं, तरी मधेच "त्याचं असं... हुफ्... आहे" सुरूच. आठ वर्षांत त्या खिंडीत कोणी इतकं बोललं नव्हतं. अत्तरावर चिलटं जमली ती दोघांच्याही तोंडात जाऊ लागली. उतारावर साहेबांनी दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि तीन मैल कीं-कीं-कीं करत खाली आले. नाल्याशी उतरून त्यांनी भरपूर चूळ भरली, खळखळ करून घसा साफ केला आणि सगळं नाल्यातच टाकलं.

"साहेब, खालच्या गावाचं पिन्याचं पाणी होय ते."

"वाहतं आहे की."

रूपरावनं तोंड फिरवलं. तिथून सालईपाणी दिसत होतं, आणि आज ते कोसभरावरून चमकत होतं.

जवळ गेल्यावर पांढऱ्या मातीचा ओला वास आला. गावातलं प्रत्येक घर त्या मातीनं आतून-बाहेरून पोतारलेलं होतं. बायांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. साहेब येणार म्हणजे भिंत पांढरी व्हायला पाहिजे, हे त्यांना पोळ्याला बैल धुण्याइतकं उघड होतं. रूपराव पहिल्या घरात शिरला, दार ओढलं, मागं पाहिलं. दुधासारखी कोरी भिंत. दुसरं घर, कोरी. टेंभरीतही तेच. एका घरात तर म्हातारीनं कौतुकानं सांगितलं, "तुही ते लाल घान होती ना बावा, ते मी दोन हात जास्त मारून मिटवली."

बंडोपंतांनी टेंभरीच्या शेवटच्या घरात डायरी बंद केली. "त्याचं असं आहे रूपराव. एरवी न होणारं रंगकाम नेमकं मी यायच्या आदल्या दिवशी होतं. तुम्ही वर्दी दिली होतीत ना?"

"साफ ठेवा म्हनलं होतं साहेब. डबकी बुजवा म्हून."

"पुरावा पुसून टाकला आणि वर डबकी सांगता? मला किळस येते अशा माणसांची."

आजवर किळस यायचं काम त्याचं होतं, ती आपली कोणाला यावी हे त्याला नवीन होतं. नोकरी गेली, आता खिंडीतून फक्त परत जायचं राहिलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मोहदऱ्यात महादेवराव फेटा बांधून उभे. "पाहा साहेब, एक भिंत सोडली नाई." मग जरा अडखळून म्हणाले, "ते टोकाची वच्छलाबाई तेवढी सोडा. ते बाई कोनाचं आयकत नाई."

वच्छलाबाई म्हणजे रूपरावच्या शिसारीच्या यादीतलं पहिलं नाव. तोंडात अखंड तंबाखू, आणि हा दारात दिसला की पिंक बरोबर याच्या पुढच्या चाकाजवळ. तिच्या दारात आज तिनं आधी साहेबांना पायापासून पाहिलं.

"याच्यावरचा साहेब तू होय? आला का एकदाचा. मी तुह्याच वाटेवर होती. आत ये, तक्रार हाय माही."

तिनं दार खसकन ओढलं. भिंत पोतारलेलीच होती, पण दाराआड हातभर रुंदीचा एक चौकोन तिनं सोडून दिला होता. त्यात वरपासून निम्म्यापर्यंत गेरूच्या तारखा, एकीखाली एक, आणि प्रत्येकीखाली बारकासा 'रू'.

"तीन वर्सं झाले, पोतारताना एवढं सोडत आली मी. साहेब येईल तवा दाखवाले. मोज. एक खाडा नाई लेकाचा. झडीत आला, चिखलात सायकल खांद्यावर घेऊन आला. माह्या पुतनीच्या लग्नाच्या दिवशी आला अन् मांडवात नवरदेवाचं बोट टोचलं. सर्दी होती त्याले. असं छळते का कोनी? गोयी अशी कडू देते की भाकर गोड लागत नाई. याले आवर."

बंडोपंतांनी डायरी उघडली आणि भिंतीवर बोट ठेवलं. "बारा सप्टेंबर. आहे. एकोणतीस ऑगस्ट. आहे. एक ऑगस्ट, अठरा जुलै..." बोट परत वर गेलं. "थांबा. भिंतीवर पंधरा ऑगस्ट आहे. डायरीत नाही."

"सुट्टी होती साहेब. सुट्टीची फेरी डायरीत चढवता येत नाई."

"मग आलात कशाला?"

रूपरावला प्रश्नच समजला नाही. "बुधवार होता," तो म्हणाला.

साहेबांनी डायरी मिटली. मग त्यांनी रूपरावच्या हातातली गेरूची कांडी घेतली, सव्वीस सप्टेंबर लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही केली.

"आता तू बी लिहून राह्यला?" वच्छलाबाई म्हणाली. "माही भिंत होय का शाळेची पाटी? अन् तक्रारीचं काय झालं?"

"नोंदवली बाई. पण हा माणूस येत राहणार."

"हॅट्," ती म्हणाली आणि दोघांच्या मधून पिंक टाकली.

परतीला साहेब तीन मैल सायकल ढकलत वर आले. खिंडीत दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "त्याचं असं आहे रूपराव," आणि पुढचं सापडेना म्हणून गप्प बसले. तेवढी दहा मिनिटं रूपरावला तो माणूस सहन झाला. मग साहेबांनी रुमाल काढला आणि चिलटं परत आली.

रूपराव शहाऐंशी साली निवृत्त झाला, तोपर्यंत चौकोन तुळईपासून जोत्यापर्यंत भरला होता. पोतारताना तो सोडायचं वच्छलाबाईनं थांबवलं नाही. रूपराव कांडी काढून खाली वाकला की ती मागून म्हणायची, "बारीक लिहीजो. जागा पुरली पाह्यजे."